फुग्यात जागा ठेवावी लागते

पोरांनो, आजची गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या शिवारापर्यंत येऊन पोचते. वाटेत एक फाटलेला फुगा आहे, एकाच संध्याकाळी दोनदा सूर्यास्त पाहिलेला एक माणूस आहे आणि एकेचाळीस किलोमीटर उंचीवरून नळ्यांत भरून आणलेली हवा आहे. खाली नव्या पेठेत खरेदीची गर्दी आहे, दुकानं बंद होईपर्यंत हॉर्न काही थांबायचे नाहीत. तेव्हा जरा जवळ सरकून बसा.

साल १७८३. पुण्यात पेशवाईच्या गादीवर सवाई माधवराव होते, तेही तुमच्याएवढेच, नऊ वर्षांचे. तिकडे फ्रान्समध्ये जून महिन्यात मोंगोल्फिए नावाच्या दोघा भावांनी कापड आणि कागद जोडून एक मोठा थोरला फुगा केला, खाली जाळ केला आणि गरम हवेनं तो फुगा आभाळात चढवला. ही बातमी पॅरिसला झाक शार्ल नावाच्या गृहस्थांच्या कानावर गेली. तुमच्या पुस्तकात त्यांचं नाव चार्ल्स असं छापतात, आपणही तसंच म्हणू. चार्ल्सनी ठरवलं, आपण जाळ करायचा नाही, हवेहून हलका वायूच भरायचा. हायड्रोजन.

पण आणायचा कुठून? तो तयार करावा लागायचा. लोखंडाच्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतलं की हायड्रोजन निघतो. मणामणानं लोखंड आणलं, पिंपांनी आम्ल आणलं आणि कित्येक दिवस फुगा भरत बसले. फुगा रेशमी कापडाचा, त्यावर टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या रबराचा लेप, म्हणजे वायू झिरपून जायला नको. व्यास साधारण चार मीटर. आपल्या या खोलीत तो मावला नसता.

२७ ऑगस्टच्या संध्याकाळी, आज जिथे आयफेल टॉवर उभा आहे त्या मैदानात, भर पावसात लोकांची ही गर्दी जमली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिनही त्यात होते. दोर सोडले आणि फुगा सरळ ढगात शिरला. पाऊण तास तो हवेत होता. मग सुमारे वीस किलोमीटरवर गोनेस नावाच्या खेड्यात शेतात येऊन पडला, तोही फाटलेला.

आता त्या गावच्या लोकांचा विचार करा. आकाशातून असं काही पडू शकतं हे त्यांनी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. समोर एक धूड पडलेलं, वाऱ्यानं हलतंय, आतून फुसफुस आवाज येतोय, घाणेरडा वास सुटलाय. ते घाबरले. गवत उपसायचे दाताळे घेऊन धावले आणि त्या फुग्याच्या चिंध्या केल्या. मग फ्रान्सच्या सरकारनं लोकांसाठी जाहीर सूचना काढली: आकाशात असा गोळा दिसला तर भिऊ नका, ते कापडाचं यंत्र आहे, त्यापासून कुणाला अपाय नाही. ही सूचना लक्षात ठेवा, पुढे तिची बहीण भेटणार आहे.

“आजोबा, पण फुगा फाटला का? पक्ष्यानं चोच मारली?”

नाही रे. त्याला कुणी हात लावला नव्हता. तो आतल्या आतच फाटला. चार्ल्सच्या माणसांनी तो जमिनीवरच गच्च भरला होता आणि तोंड बंद केलं होतं. का फाटला ते सांगत नाही, दाखवतो. ती सिरिंज दे इकडे.

ही ५० मिलिलिटरची सिरिंज, बिनसुईची, मेडिकलच्या दुकानातून आणलेली. आणि हा रंगपंचमीचा छोटा फुगा. मी याच्यात बोराएवढी हवा भरली आणि गाठ मारली. आता दट्ट्या बाहेर काढून फुगा आत टाकला, दट्ट्या परत बसवला. पोरी, तू पुढच्या भोकावर बोट दाबून धर, अजिबात सोडू नको. आता मी दट्ट्या ओढतो. बघा, फुग्याकडे बघा.

“फुगला! आजोबा, फुगला!”

कुणी फुंकर मारली का? नाही. त्याची गाठ तशीच पक्की आहे. आता मी दट्ट्या आत रेटतो. बघा, लहान झाला, रबर सैल पडलं, सुरकुत्या आल्या. फुग्यातली हवा तेवढीच आहे, कण आला नाही की गेला नाही. बदललं ते फक्त त्याच्या बाहेरचं. दट्ट्या ओढला तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला, म्हणून फुग्यातली हवा पसरली. दट्ट्या रेटला तेव्हा बाहेरून दाब वाढला, म्हणून ती आक्रसली.

दाब म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. हवा रेणूंची बनलेली असते. एक मिलिलिटर हवेत साधारण अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात आणि त्यातला एकेक रेणू सेकंदाला सरासरी जवळजवळ अर्धा किलोमीटर या वेगानं धावत असतो, भिंतीवर आपटतो, उलटा फिरतो, दुसऱ्याला धडकतो. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडवर जोराची सर येते तेव्हा एकेका थेंबाचा आवाज वेगळा ऐकू येतो का? येत नाही. सगळ्यांचा मिळून एक सलग तडतडाट होतो. वायूचा दाब असाच आहे. अगणित रेणूंच्या टपल्या मिळून एक सलग रेटा. आता तेवढेच थेंब निम्म्या पत्र्यावर पाडले तर दर हातभर पत्र्यावरचा मारा दुप्पट होईल. तसंच तेवढ्याच रेणूंना निम्म्या जागेत कोंडलं की दाब दुप्पट होतो. जागा दुप्पट दिली की दाब निम्मा.

हे मापून सिद्ध केलं रॉबर्ट बॉइल यांनी, इंग्लंडमध्ये, १६६२ साली. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या काळात. त्यांनी इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेतली. आखूड बाजूचं टोक बंद, लांब बाजूचं उघडं. उघड्या बाजूनं पारा ओतायला सुरुवात केली. बंद टोकात हवा अडकली आणि पाऱ्याच्या वजनानं आक्रसू लागली. प्रत्येक वेळी पारा किती चढला आणि हवा किती उरली, हे मांडत गेले. दाब दुप्पट झाला तेव्हा हवेची जागा निम्मी झालेली होती. मात्र एक अट: तापमान तेच राहिलं पाहिजे. ही अट विसरू नका, तिचीच पुढे मोठी गंमत आहे.

आता फाटलेल्या फुग्याकडे या. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि त्याचं वजन आपल्यावर आहे, तळहाताच्या दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो. आपण दबत नाही, कारण आपल्या आतूनही तेवढाच रेटा असतो. जसजसं वर जावं तसतसा डोक्यावरचा थर पातळ होतो आणि दाब उतरतो. साडेपाच किलोमीटरवर तो निम्माच राहतो. सिरिंजमध्ये मी दट्ट्या ओढला, आकाशात उंची दट्ट्या ओढते. चार्ल्सचा फुगा वर गेला, बाहेरचा दाब उतरला, आतला हायड्रोजन पसरू पाहत होता आणि कापडात जागाच शिल्लक नव्हती. फुगा उसवला.

धाकट्या, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तुझ्या हातून गॅसचा फुगा सुटला होता आणि तू त्याला शोधत आभाळाकडे बघत बसला होतास. तो कुठे गेला, असं तू विचारलं होतंस. तो असाच गेला. वर जाता जाता फुगत गेला, रबर ताणत गेलं आणि काही किलोमीटरवर फुटून त्याच्या चिंध्या खाली आल्या. आणि एक बजावून ठेवतो: जत्रेतल्या फुग्यात बहुतेकदा हायड्रोजनच असतो आणि तो भडकन पेटतो. त्या फुग्याजवळ उदबत्ती, फुलबाजी काही न्यायचं नाही आणि फुगेवाल्याच्या टाकीपाशी रेंगाळायचं नाही.

“मग उन्हात ठेवलेला फुगा का फुटतो? तो तर वर जात नाही.”

शाबास पोरी, अगदी वेळेवर विचारलंस. बॉइलची ती अट आता मोडायची. ही काचेची रिकामी बाटली. तिच्या तोंडावर फुगा चढवला, बघ कसा लोंबतोय. आता बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवू. थांबा जरा. उभा राहिला! आता तीच बाटली माठातल्या गार पाण्यात. बसला पुन्हा. ऊब मिळाली की रेणूंचा वेग वाढतो, टपल्या जोरात बसतात आणि वायूला जागा वाढवून लागते. गारठा आला की वेग उतरतो आणि जागा कमी पुरते.

हेच चार्ल्सनी पुढे १७८७ च्या सुमारास मापलं आणि त्यांना चकित करणारी गोष्ट दिसली. हवा घ्या, हायड्रोजन घ्या, ऑक्सिजन घ्या. दाब कायम ठेवून सारखं तापवलं तर सगळे सारख्याच प्रमाणात पसरतात. द्रव आणि धातू असं करत नाहीत, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वायू मात्र या बाबतीत सगळे एका पंगतीत. चार्ल्सनी हे छापलंच नाही. १८०२ साली गे-लुसाक नावाच्या शास्त्रज्ञानं नव्यानं प्रयोग करून ते छापलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं की चार्ल्सनी हे आधीच पाहिलं होतं. म्हणून आज नियमाला चार्ल्सचं नाव आहे.

प्रमाण असं: शून्य अंशाला वायूची जी जागा असते, तिचा २७३ वा भाग दर अंशामागे वाढतो, आणि थंड केला तर तेवढाच घटतो. मग उणे २७३ अंशाला काय होईल? हिशोबानं जागा शून्य! प्रत्यक्षात त्याच्या आधीच वायूचा द्रव होतो, पण त्या हिशोबानं माणसाला गारठ्याचा तळ सापडला. त्याच्या खाली तापमान नाहीच. त्याला निरपेक्ष शून्य म्हणतात आणि तिथून मोजलेल्या तापमानाला केल्विन. आपल्या सुखद २७ अंशांचे केल्विनमध्ये ३०० होतात.

याचा उपयोग सोलापूरकराला मे महिन्यात रोज पडतो. पहाटे २७ अंशाला तुझ्या बाबांनी गाडीत तीस पाउंड हवा भरली. पंक्चरवाल्याचा काटा बाहेरच्या हवेचा दाब धरत नाही, तो सुमारे १४ पाउंड वेगळा. म्हणजे आत खरे ४४. दुपारी तापलेल्या डांबरावर टायरमधली हवा ५७ अंशांवर गेली, म्हणजे ३०० केल्विनची ३३० झाली. एक दशांश वाढ. टायर फारसा पसरत नाही, जागा वाढली नाही की दाब वाढतो. ४४ चे ४८ झाले, काट्यावर ३४ दिसेल. टायर चांगला असेल तर तो हे सहज सोसतो, कंपनी तसा बनवते. पण झिजलेला टायर, वर जादा हवा आणि त्यात आपलं ऊन, ही गाठ वाईट. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना तपासायची.

आता चार्ल्सची पुढची गोष्ट. पहिला फुगा फाटला तरी त्यांनी सुमारे तीनच महिन्यांत, १ डिसेंबर १७८३ ला, दुसरा फुगा उभा केला आणि या वेळी स्वतः टोपलीत बसले, सोबत निकोला रॉबेर. या फुग्यात एक शहाणपण होतं. खालचं तोंड उघडं ठेवलं होतं. वायू पसरला तर जादा वायू त्या तोंडातून निघून जाईल, कापड ताणणार नाही. वर एक झडप होती, खाली यायचं तर ती उघडायची. बरोबर दाब मोजायचा बॅरोमीटर आणि थर्मामीटर. दोन तास उडून ते संध्याकाळी एका माळावर उतरले. रॉबेर उतरले तसा फुगा हलका झाला आणि चार्ल्स एकटेच पुन्हा झरझर वर गेले, जवळजवळ तीन किलोमीटर. खाली सूर्य बुडाला होता, वर गेल्यावर तो पुन्हा दिसला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मावळला. पण कानात भयंकर कळ आली. कानाच्या पडद्यामागची हवा पसरत होती ना! ते सुखरूप उतरले आणि पुन्हा कधी आकाशात गेले नाहीत.

त्यांचं ते उघड्या तोंडाचं शहाणपण मात्र आजही उडतंय, आणि आपल्याकडे ते हैदराबादहून येतं. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभांनी उभी केलेली. भाभांना वैश्विक किरणांचा अभ्यास करायचा होता आणि त्यासाठी उपकरणं हवेच्या जाड थराच्या वर न्यायला हवी होती. म्हणून चाळीसच्या दशकातच भारतात फुग्यांवरून उपकरणं पाठवायला सुरुवात झाली. पुढे संस्थेनं हैदराबादला खास फुग्यांचं केंद्रच काढलं. तिथले फुगे अतिशय पातळ प्लॅस्टिकचे, पॉलिथिनचे असतात, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे, कधी त्याहूनही मोठे. ते तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर जातात. विमानं दहा-अकरा किलोमीटरवर उडतात, म्हणजे विमानाच्या तिप्पट-चौपट.

त्यातला एकच फुगा घेऊ. एप्रिल २००५ मध्ये उडालेला. पूर्ण फुगला की त्यात साडेसात लाख घनमीटर वायू मावायचा, व्यास शंभर मीटरच्या वर. आपल्या पार्क मैदानावर ठेवला असता तर बहुतेक मैदान त्यानंच व्यापलं असतं. आता सांगा, जमिनीवर तो किती भरायचा?

“पूर्ण!” “नाही रे, तो फाटेल. अर्धा भरायचा.”

अर्धासुद्धा नाही. वहीत मांडा. चाळीस किलोमीटरवर हवेचा दाब हैदराबादच्या जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीनशेतिसाव्या भागावर येतो. फक्त बॉइलना विचारलं तर वायू ३३० पट पसरायला हवा. पण चार्ल्स म्हणतील, थांबा, तिथे गारठा आहे. जमिनीवर ३०० केल्विन, वर २५० च्या आसपास. म्हणजे जागा सहाव्या हिश्श्यानं कमी करा. ३३० चे झाले पावणेतीनशे. दाबानं दिलं, थंडीनं थोडं परत घेतलं. म्हणजे एवढ्या अजस्र फुग्यात जमिनीवर पावणेतीनशेवा भागच वायू भरायचा! उडताना तो फुग्यासारखा दिसतही नाही. वरच्या टोकाला एक लहानसा बुडबुडा आणि खाली लोंबणारं लांबच लांब चुरगळलेलं प्लॅस्टिक. ती सगळी घडी म्हणजे पुढच्या प्रवासासाठी राखून ठेवलेली जागा.

“मग एवढ्याशा वायूनं तो उचलला कसा जातो?”

एक घनमीटर हवेचं वजन आपल्याकडे साधारण ११०० ग्रॅम, तेवढ्याच हायड्रोजनचं जेमतेम ८० ग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे एक किलो उचलायची ताकद. आणि यातली सुंदर गोष्ट अशी की फुगा मोकळेपणी पसरतोय तोवर ही ताकद कमी होत नाही. वरची हवा विरळ होते, पण त्याच प्रमाणात फुग्यानं बाजूला सारलेली हवेची जागा वाढते. म्हणून तो चढतच राहतो. ज्या उंचीवर सगळी घडी उलगडून फुगा पूर्ण भरतो, तिथे जादा वायू खालच्या उघड्या नळ्यांमधून निघून जातो आणि फुगा तरंगत थांबतो. कुठे थांबायचं हे जमिनीवरच, तो किती मोठा शिवला आणि किती वजन लावलं त्यावर ठरलेलं असतं. सूर्य मावळला की वायू गार होतो, आक्रसतो आणि फुगा खाली सरकू लागतो. मग त्याला लावलेलं वजन, वाळू किंवा छर्रे, थोडंथोडं सोडून द्यावं लागतं. एका मावळतीचा हिशोबसुद्धा आधी करून ठेवावा लागतो.

वाटेत एक अवघड घाटही आहे. सोळा-सतरा किलोमीटरवर, आपल्या उष्ण कटिबंधात, गारठा उणे ८० अंशांच्याही खाली जातो, युरोप-अमेरिकेवरच्या त्या थरापेक्षा जास्त. साधं प्लॅस्टिक तिथे काचेसारखं तडकतं. म्हणून हैदराबादच्या लोकांना त्या गारठ्यातही लवचीक राहील असं प्लॅस्टिक मुद्दाम तयार करावं लागलं.

२००५ च्या त्या फुग्याखाली टांगलेला संच ४५९ किलोचा होता. इस्रोचा प्रयोग, आणि त्याचे प्रमुख होते आपले जयंत नारळीकर. हो, तेच, ज्यांच्या विज्ञानकथा कपाटात आहेत. त्यांना शोधायचं होतं की एवढ्या उंचीवर जीव आहेत का. संचात स्टीलच्या सोळा निर्जंतुक नळ्या होत्या, आतली सगळी हवा काढून टाकलेल्या, आणि त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, ३८ किलो निऑन. निऑनचं तापमान उणे २४६ अंश. वीस ते एकेचाळीस किलोमीटरच्या दरम्यान निरनिराळ्या उंचीवर झडपा उघडल्या. विरळ हवा आत शिरली की त्या गारठ्यानं तिचा तिथेच बर्फासारखा थर व्हायचा. वायू उरायचाच नाही, म्हणून आत दाबही वाढायचा नाही, म्हणून आणखी हवा ओढली जायची. चार्ल्सच्या नियमाच्या पार तळापर्यंत जाऊन त्यांनी आकाशातली विरळ हवा गोळा केली!

ते नमुने हवाई छत्रीनं खाली आले. हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस, या दोन प्रयोगशाळांनी ते तपासले. पुण्याच्या कामात डॉ. योगेश शौचे होते. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. २००९ साली जाहीर झालं की त्यात जिवाणूंच्या तीन जाती पृथ्वीवर आधी कधी न सापडलेल्या होत्या. एकीला आर्यभटांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं. त्या परग्रहावरून आल्या असं या प्रयोगातून सिद्ध झालं नाही. पण सूर्याचे अतिनील किरण त्या आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा जास्त सोसतात, हे दिसलं.

आता ती सूचना. हैदराबादच्या उड्डाणांच्या हंगामात वर्तमानपत्रांत निवेदन येतं. प्रयोग संपला की उपकरणांचा संच फुग्यापासून सुटतो आणि मोठ्या रंगीत हवाई छत्रीनं खाली येतो, हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरवर, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास. ऐकलंत? त्या रेषेचं हे टोक आपण आहोत. निवेदनात लिहिलेलं असतं: अशी वस्तू शेतात दिसली तर हात लावू नका, उघडू नका, आत विजेचा जास्त दाब असू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवा. तुमच्या मामाच्या गावाला, ज्वारीच्या रानात कधी अशी छत्री उतरली, तर गर्दी मागे सारायची आणि काय आहे ते मोठ्यांना समजावून सांगायचं, हे काम तुमचं. गोनेसच्या लोकांना ते सांगणारं कुणी नव्हतं. त्या डब्यात कुणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते.

“आजोबा, आपल्याकडे पाऊस कमी पडतो, त्याचंही हवेशीच काही आहे का? सरांनी पर्जन्यछाया सांगितलं होतं.”

अगदी हेच आहे. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम होतं, आणि टायरची पिन दाबली की बाहेर येणारी हवा गार लागते, हे तू पाहिलंस. दाबलेली हवा तापते. पसरणारी हवा भोवतालच्या हवेला रेटते, त्या कष्टात आपली ऊब खर्च करते आणि गार होते. पावसाळ्यात समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला भिडतो आणि चढू लागतो. वर दाब कमी, म्हणून पसरतो, पसरतो म्हणून गार होतो, किलोमीटरमागे जवळजवळ दहा अंश. गारठ्यानं वाफेचे थेंब होतात, ढग दाटतात आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मग तोच वारा आपल्या बाजूला उतरतो. उतरताना दाब वाढतो, हवा आक्रसते, तापते आणि तिच्यातले उरलेसुरले थेंब पुन्हा वाफ होतात. आपल्या वाट्याला महाबळेश्वरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पाऊस येतो. म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मुद्दाम सोलापूरला तळ ठोकला. रडार लावलं, पाऊस वाढतो का ते पाहायला विमानातून योग्य ढगांच्या तळाशी क्षाराचे कण पेरले. त्यांच्या मोजणीत काही ठिकाणी सुमारे अठरा टक्के जास्त पाऊस दिसला. मात्र ढग मुळात हवा. हवा चढलीच नाही, पसरून गार झालीच नाही, तर पेरायचं कशात?

आता तुमचं काम. सुट्टीत महाबळेश्वरला चाललाय ना? पाण्याच्या एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या दोन बाटल्या तिथे पूर्ण रिकाम्या करा, कोरड्या करा आणि सकाळच्या गारव्यात झाकणं घट्ट लावून तशाच सोलापूरला आणा. महाबळेश्वरचा दाब आपल्याहून सुमारे एक दशांशानं कमी. म्हणजे घरी येईपर्यंत बाहेरचा दाब बाटलीतली शंभरेक मिलिलिटर जागा दाबून घेईल आणि बाटली चेपेल. पण इथलं ऊन त्यातली चाळीसेक मिलिलिटर परत देईल. खरंच तेवढी देतं का ते बघायचं. बाटली पाणी भरलेल्या बादलीत उलटी धरून पाण्याखालीच झाकण उघडा, किती पाणी आत शिरतं ते मापा, आणि पहाटे गारव्यात एकदा, भर दुपारी एकदा, अशा दोन बाटल्या उघडून दोन्ही आकडे वहीत लिहा. मी माझा हिशोब आत्ताच लिहून ठेवतो, तुम्ही मोजून आणा, मग शेजारी शेजारी ठेवून बघू.